अकरा दिवसांनी केलेला हल्ला स्वसंरक्षणात बसतो का?

प्रश्न नाशिकमधल्या लॉच्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: मूटच्या (सराव-खटल्याच्या स्पर्धेच्या) प्रॉब्लेममध्ये 'ब' देशात तळ असलेल्या एका सशस्त्र गटाने सीमा ओलांडून 'अ' देशाच्या चौकीवर उखळी तोफांनी हल्ला केला, ३४ जवान गेले. त्याआधीच्या दोन वर्षांत असे चार छोटे हल्ले झाले होते, 'अ'ने 'ब'ला दोनदा लेखी कळवलं होतं, आणि 'ब'चं उत्तर होतं की आमच्याकडे असल्या छावण्याच नाहीत. अकराव्या दिवशी 'अ'च्या विमानांनी 'ब'मधल्या तीन छावण्या आणि एक विमानतळ उद्ध्वस्त केला. आता 'ब' आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आहे. "मी 'अ'कडून बोलणार आहे. भारतीय न्याय संहितेतल्या खाजगी संरक्षणाच्या कलमांचा आधार घेतला तर चालेल का? आणि अकरा दिवस उशीर झाला म्हणून केस गेलीच का?"

केस गेलेली नाही. पण तुम्हाला दिवसांची काळजी लागली आहे आणि खरा धोका विमानतळात आहे. त्याकडे येतोच, आधी न्याय संहितेचं बघू.

कलम ३४ ते ४४ आपल्याला पाठ असतात (जुन्या पिढीला भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६), म्हणून हात आपोआप तिकडेच जातो. तो आवरा. न्याय संहितेच्या कलम ४० प्रमाणे शरीराच्या संरक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ५१ चे शब्द मात्र 'सशस्त्र हल्ला झाल्यास' असे आहेत. तिथे भीती पुरत नाही, निदान मजकुरावरून तरी नाही. दुसरं, कलम ३७ म्हणतं की पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्क नाही. हे न्यायाधीशांसमोर उच्चारलंत की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग अकरा दिवसांत सुरक्षा परिषदेकडे का गेला नाहीत?" स्वतःच खणलेला खड्डा. सनदेत रचना उलटी आहे. परिषदेने शांतता राखण्यासाठी आवश्यक उपाय योजेपर्यंत हक्क चालू राहतो, आधी परिषदेची परवानगी घ्यावी लागत नाही. आपल्या कायद्यातून उचलण्यासारखी एकच गोष्ट आहे: अपवादाचा आधार घेणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा. ऑइल प्लॅटफॉर्म्स खटल्यात (इराण विरुद्ध अमेरिका, ६ नोव्हेंबर २००३) न्यायालयाने तेच धरलं. म्हणजे तुम्ही प्रतिवादी असलात तरी हल्ला झाला, तो कोणी केला आणि उत्तर आवश्यक होतं हे दाखवण्याचा भार तुमच्यावर आहे. मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, तपासताना सगळ्यात जास्त गुण इथे जाताना दिसतात, कारण मुलं प्रतिवादी आहोत म्हणून निवांत बसतात.

आता चौकीवरचा हल्ला. सनदेचं कलम २(४) बळाचा वापर मना करतं आणि कलम ५१ 'सशस्त्र हल्ल्या'ला उत्तर द्यायची मुभा देतं. हे दोन शब्दप्रयोग एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, मध्ये फट आहे. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका खटल्यात (२७ जून १९८६) न्यायालयाने बळाच्या वापराचे गंभीर आणि कमी गंभीर असे प्रकार वेगळे केले, आणि हल्ल्याची व्याप्ती व परिणाम बघायला सांगितले. निव्वळ सीमेवरची चकमक यात बसत नाही. उखळी तोफा आणि ३४ मृत्यू ही चकमक नव्हे, तेव्हा यावर दोन परिच्छेदांपेक्षा जास्त खर्च करू नका. चार जुने हल्ले मात्र तारीख, जागा, जीवितहानी आणि कोणावर आरोप अशा तक्त्यात मांडा. छोट्या हल्ल्यांची बेरीज करून मोठा हल्ला ठरवता येतो की नाही, हे न्यायालयाने निकाराग्वा, ऑइल प्लॅटफॉर्म्स आणि काँगो विरुद्ध युगांडा (१९ डिसेंबर २००५) या तिन्ही निकालांत ओझरतं हाताळलं. ती कल्पना फेटाळली नाही, आणि तिच्यावर कोणाला जिंकूही दिलं नाही. म्हणून बेरजेचा मुद्दा मुख्य करू नका. पुढचा हल्ला येणारच होता हे दाखवायला तो तक्ता जास्त कामाचा आहे.

हेतूबद्दल एक वाक्य तयार ठेवा. देवळालीच्या तोफखान्याच्या सरावात गोळा भरकटावा तसा एखादा गोळा सीमेपलीकडे पडला तर तो सशस्त्र हल्ला होतो का? ९ मार्च २०२२ रोजी भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. भारताने तांत्रिक बिघाड म्हणून खेद व्यक्त केला, पाकिस्तानने चौकशी मागितली, पण त्यावरून स्वसंरक्षणाचा हल्ला झाला नाही. ऑइल प्लॅटफॉर्म्समध्येही न्यायालयाने विचारलं होतं की क्षेपणास्त्र किंवा सुरुंग खरोखर अमेरिकेवर रोखलेला होता का. तुमच्या प्रॉब्लेममध्ये चौकीवर नेम धरून मारा झाला आहे, त्यामुळे एका वाक्यात विषय मिटतो.

खरी लढाई पुढे आहे: हल्ला केला गटाने, बॉम्ब पडले 'ब' देशाच्या भूमीवर. हे कसं जोडायचं? इथे तीन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत कालवायच्या नाहीत.

पहिली वाट, हल्ला 'ब'चाच होता. १४ डिसेंबर १९७४ च्या महासभेच्या ठराव ३३१४ मधलं कलम ३(ग) म्हणतं की राज्याने (म्हणजे देशाने) सशस्त्र टोळ्या पाठवणं किंवा त्यात भरीव सहभाग घेणं हे आक्रमण आहे. निकाराग्वा निकालाने ते स्वीकारलं, पण शस्त्रं किंवा रसद पुरवणं म्हणजे सशस्त्र हल्ला नव्हे असंही ठरवलं. शिवाय गटाचं कृत्य राज्याच्या माथी मारायचं तर त्या विशिष्ट कारवाईवर राज्याचं प्रभावी नियंत्रण दाखवावं लागतं. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणाने तादिच अपिलात (१९९९) 'एकूण नियंत्रण' पुरेसं मानलं होतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बोस्निया खटल्यात (२६ फेब्रुवारी २००७) राज्याच्या जबाबदारीसाठी नाकारलं. तुमच्या प्रॉब्लेममध्ये 'ब'च्या लष्कराने आदेश दिल्याचा पुरावा नाही. तेव्हा ही वाट मांडा, पण तिच्यावर सगळं वजन टाकू नका.

दुसरी वाट, गटाचा हल्लाही कलम ५१ च्या अर्थाने सशस्त्र हल्लाच आहे. कलमात हल्ला राज्यानेच केलेला असावा असं कुठेही लिहिलेलं नाही. १२ सप्टेंबर २००१ च्या ठराव १३६८ मध्ये आणि पंधरवड्यानंतरच्या १३७३ मध्ये सुरक्षा परिषदेने स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख केला तो अल-कायदाच्या हल्ल्यानंतर. समोरचा वकील इस्रायलने पॅलेस्टिनी प्रदेशात बांधलेल्या भिंतीबद्दलचं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं ९ जुलै २००४ चं सल्लागार मत काढणार, त्यात कलम ५१ हे राज्याने राज्यावर केलेल्या हल्ल्याबद्दल असल्याचं म्हटलं आहे. घाबरायचं कारण नाही. त्या मतातच पुढे म्हटलं आहे की धोका इस्रायलच्या नियंत्रणाखालच्या प्रदेशातूनच येत होता. तुमच्याकडे धोका सीमेपलीकडून आला आहे, हा फरक बोट ठेवून दाखवा. शिवाय काँगो खटल्यात न्यायालयाने हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला, आणि न्यायाधीश कूइमान्स व सिमा यांनी स्वतंत्र मतांत गटांच्या हल्ल्याविरुद्ध स्वसंरक्षणाची बाजू घेतली.

तिसरी वाट दुसरीला लागूनच आहे. गटाविरुद्ध हक्क आहे, पण 'ब'च्या भूमीवर का? उत्तर असं दिलं जातं की यजमान देश गटाला आवरायला तयार नाही किंवा त्याची ताकद नाही. अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांना लिहिलेल्या २३ सप्टेंबर २०१४ च्या पत्रात सीरियातल्या कारवाईसाठी हेच सांगितलं. लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांना, विशेषतः मेक्सिको आणि ब्राझीलला, ही कसोटी मान्य नाही. ही प्रस्थापित रूढी आहे असं छातीठोकपणे म्हणू नका, वाढत्या राज्यव्यवहाराचा आधार म्हणा. मेक्सिकोनेच २४ फेब्रुवारी २०२१ ला सुरक्षा परिषदेच्या सदस्यांची या विषयावर अनौपचारिक बैठक बोलावली होती. त्यात भारताने गटांच्या हल्ल्याविरुद्धही हा हक्क असल्याची भूमिका मांडली. भारतातली मुलं अमेरिकेचं पत्र तोंडपाठ म्हणतात आणि आपल्याच देशाचं निवेदन विसरतात, तेवढं टाळा.

निफाड-दिंडोरीकडच्या कोणालाही हे लगेच पटेल. शेजाऱ्याच्या मळ्यातली माणसं रात्री येऊन तुमची द्राक्षबाग तोडत असतील, तुम्ही शेजाऱ्याला दोनदा सांगितलंत आणि तो म्हणाला 'माझ्या मळ्यात कुणीच राहत नाही', तर तुम्ही बांध ओलांडून त्या माणसांना हुसकावलंत हे समजण्यासारखं आहे. शेजाऱ्याचं घर पेटवलंत तर नाही. 'अ'ची दोन पत्रं आणि 'ब'चा नकार हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तारखा, पत्रात छावण्यांची ठिकाणं दिली होती का, 'ब'ने तपास केला का, हे प्रॉब्लेममधून शब्दशः उचला. पत्रात ठिकाणं दिली नसतील तर समोरचा म्हणणार, "आम्हाला शोधायला संधीच दिली नाही." तो घाव बसतो, म्हणून आधीच तयारी ठेवा.

आता अकरा दिवस. मोजपट्टी घेऊन बसू नका, त्या दिवसांत काय केलं हे बघा. १५ एप्रिल १९८६ ला अमेरिकेने लिबियावर बॉम्ब टाकले, कारण दिलं होतं दहा दिवसांपूर्वीच्या बर्लिनमधल्या डिस्कोथेकमधल्या स्फोटाचं. अमेरिकेने कलम ५१ चा आधार घेऊनही महासभेने नोव्हेंबरमध्ये ठराव ४१/३८ ने त्या हल्ल्याचा निषेध केला. उलट १९८२ मध्ये अर्जेंटिनाने २ एप्रिलला फॉकलंड घेतलं, ब्रिटिश सैन्य सान कार्लोसला उतरलं २१ मे रोजी, म्हणजे सात आठवड्यांनी. त्या उशिरावरून स्वसंरक्षण बुडालं असं कोणी गंभीरपणे म्हटलं नाही, कारण बेट ताब्यातच होतं, म्हणजे हल्ला चालूच होता. तुमच्या तक्त्याचा उपयोग इथे. चार हल्ले, मग मोठा हल्ला, छावण्या अजून भरलेल्या, पुढचा हल्ला होण्याची माहिती. हे दाखवलंत तर अकरा दिवस म्हणजे लक्ष्य ओळखणं, 'ब'शी अखेरचं बोलणं आणि विमानं सज्ज करणं यात गेलेला वेळ ठरतो. दाखवलं नाहीत तर तो बदला ठरतो. सशस्त्र बदला बेकायदा आहे, ही गोष्ट महासभेच्या १९७० च्या ठराव २६२५ मध्ये स्पष्ट लिहिली आहे.

पुढच्या हल्ल्याचा मुद्दा घेतलात की कॅरोलाइन येणारच. २९ डिसेंबर १८३७ ला कॅनडातल्या ब्रिटिश सैनिकांनी नायगारा नदीत अमेरिकेच्या किनाऱ्याला बांधलेली बंडखोरांची 'कॅरोलाइन' ही बोट जाळून सोडून दिली. १८४१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेबस्टर यांनी लिहिलं की गरज तत्काळ, अटळ, दुसरा मार्ग न ठेवणारी आणि विचाराला क्षण न देणारी असली पाहिजे. हे शब्द ऐकले की मुलं उत्साहाने उद्धृत करतात आणि मग अकरा दिवस आठवतात. विचाराला क्षण नव्हता असं अकराव्या दिवशी कसं म्हणणार? म्हणून कॅरोलाइन मुख्य आधार म्हणून घेऊ नका. तुमचा मूळ दावा आधी झालेल्या हल्ल्यावर उभा ठेवा, येणारा हल्ला फक्त आवश्यकता दाखवायला वापरा. लांबच्या भविष्यातल्या धोक्यावर तर मुळीच जाऊ नका. इस्रायलने ७ जून १९८१ ला इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली तेव्हा सुरक्षा परिषदेच्या ठराव ४८७ ने एकमताने निषेध झाला, अमेरिकेने नकाराधिकार वापरला नाही.

शब्दांची काळजी घ्या. प्रॉब्लेममध्ये 'अ'च्या पंतप्रधानांचं भाषण दिलं असेल आणि त्यात 'सूड घेतला' असेल तर समोरचा तेवढंच वाचणार. बालाकोटनंतर २६ फेब्रुवारी २०१९ ला आपल्या परराष्ट्र सचिवांनी पुढच्या हल्ल्यांची तयारी चालू असल्याची माहिती सांगून कारवाईला 'बिगरलष्करी' आणि 'पूर्वप्रतिबंधक' म्हटलं. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतरच्या निवेदनात कारवाई मोजकी आणि संघर्ष न वाढवणारी असल्यावर भर होता. त्या कारवाया कायद्यात बसतात की नाही यावर वाद घालणारे भरपूर आहेत, पण वकिलाने बघावं ते असं की निवेदनातला प्रत्येक शब्द आवश्यकता आणि प्रमाण या दोन कसोट्यांकडे बघून निवडला जातो.

आता विमानतळ. प्रमाण कशाशी मोजायचं? ३४ विरुद्ध किती, असा हिशेब नाही. हल्ला थांबवायला आणि परतवायला जेवढं लागेल तेवढं, ही बहुतेक तज्ज्ञांची मांडणी आहे. पण न्यायालय कधीकधी मूळ हल्ल्याच्या आकाराशीही तुलना करतं. ऑइल प्लॅटफॉर्म्समध्ये एका सुरुंगाने अमेरिकेची युद्धनौका निकामी केली, कोणी मेलं नव्हतं. उत्तरादाखल अनेक इराणी लक्ष्यांवर झालेली एकूण कारवाई, तिच्यात इराणचे तेलाचे प्लॅटफॉर्मही आले, प्रमाणात नव्हती असं न्यायालय म्हणालं. आणि काँगो खटल्यात सीमेपासून शेकडो किलोमीटर आतले विमानतळ आणि शहरं युगांडाने घेतली, ते प्रमाणातही वाटत नाही आणि आवश्यकही वाटत नाही, असं निरीक्षण आहे. ते निरीक्षणच, कारण निकाल आधीच दुसऱ्या कारणावर ठरला होता. तरी समोरचा ते तुमच्या विमानतळावर चिकटवणार. छावण्या लढवय्यांच्या, विमानतळ 'ब'चा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं पीठाला वाटलं की तुमचा छावण्यांचा मुद्दाही कलंकित होतो.

म्हणून दोन्ही दावे वेगळे करा. छावण्यांचा बचाव पूर्ण ताकदीने करा. विमानतळासाठी प्रॉब्लेममध्ये तीन गोष्टी शोधा: तिथून गटाची शस्त्रं किंवा माणसं उतरत होती का, ती माहिती हल्ल्याआधीच 'अ'कडे होती का, आणि धावपट्टी निकामी करून भागलं असतं का. तिन्ही उत्तरं मिळाली तर लढा. पहिलंच नसेल तर विमानतळावर पाच मिनिटं घालवण्यापेक्षा एक वाक्य पुरे.

इथे दोन '५१' घोळ घालतात. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त शिष्टाचाराचं (प्रोटोकॉलचं) कलम ५१(५)(ब) नागरिकांच्या अपेक्षित हानीची लष्करी फायद्याशी तुलना करतं. ते युद्ध कसं लढायचं याबद्दल आहे. सनदेचं ५१ बळ वापरायचं की नाही याबद्दल. छावणीवरचा एकेक बॉम्ब पहिल्या कसोटीत उत्तीर्ण होऊनही संपूर्ण कारवाई दुसरीत नापास होऊ शकते. तोंडी फेरीत दर वेळी 'सनदेचं' किंवा 'शिष्टाचाराचं' असं म्हणायची सवय लावा.

सुरक्षा परिषदेला पत्र गेलं होतं का, हेही बघा. कलम ५१ प्रमाणे कारवाई ताबडतोब कळवायची असते. न कळवल्याने हक्क बुडत नाही, पण कळवलं नाही तर तुम्हाला स्वतःलाच ते स्वसंरक्षण वाटत होतं का, असा प्रश्न निकाराग्वा खटल्यात उभा राहिला आणि अमेरिकेविरुद्ध गेला. पत्रात मूळ हल्ल्याची तारीख, लक्ष्यं, 'ब'ला दिलेल्या सूचना आणि धोका चालू असल्याचं कारण असेल तर ते परिशिष्टात जोडा. परिषदेत ठरावाचा मसुदा नकाराधिकाराने पडला असेल तर तुमचा हक्क शिल्लक आहे. चर्चा झाली किंवा निषेध झाला म्हणजे परिषदेने आवश्यक उपाय योजले असं होत नाही.

तुमच्या मेमोरियलमध्ये गुणवत्तेच्या (मूळ वादाच्या) भागाला साधारण २,५०० शब्द मिळतात असं धरलं तर निम्मे हल्ला कोणाचा आणि 'ब'च्या भूमीवर का, या प्रश्नाला द्या, कारण पीठ तिथेच थांबवतं. ६०० आवश्यकता आणि दिवसांना, ४०० प्रमाणाला, आणि उरलेल्यात हल्ल्याची गंभीरता व पत्र. शेवटच्या प्रार्थनेत, म्हणजे न्यायालयाकडे करायच्या मागणीत, "'अ'ची कारवाई कायदेशीर आहे असं घोषित करावं" एवढं एकच वाक्य लिहू नका. छावण्यांवरच्या कारवाईबद्दल वेगळी घोषणा मागा, विमानतळाबद्दल वेगळी, आणि पर्यायी म्हणून विमानतळाचा भाग बेकायदा ठरला तरी त्याचा परिणाम छावण्यांच्या भागावर होऊ नये हे लिहा.

आणि कलम ५१ चा मजकूर इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही छापून घ्या. इंग्रजीत 'सशस्त्र हल्ला' आहे, फ्रेंचमध्ये 'सशस्त्र आक्रमण' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि दोन्ही मजकूर सारखेच अधिकृत आहेत. चांगला न्यायाधीश हा फरक विचारतो.